मांडीची बाई

४ नोव्हेंबर, मंगळवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि पोटातला भाडेकरू एवढा लवाजमा घेऊन आज या गावात उतरले. भाडेकरू म्हणजे आमचं बाळ. पाचवा महिना लागलाय, पण अजून एक हालचाल नाही की आवाज नाही, नुसता फुकट राहतोय. आमचे हे बोटीवर नोकरीला, उन्हाळ्याशिवाय काही परतत नाहीत. एकटीनं घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा काम बरं म्हणून अर्ज टाकला होता. जाहिरातीत चक्क लिहिलं होतं की प्रसूतिगृहाला लॅब टेक्निशियन पाहिजे, गरोदर महिलांना प्राधान्य. आजवर जिथे मुलाखतीला गेले तिथे लोक आडून आडून विचारायचे, मूलबाळाचा काही विचार आहे का म्हणून. आणि इथे पोट हीच पात्रता! धाकटीला, म्हणजे माझ्या बहिणीला, फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ताई, नीट चौकशी कर, कोणी उगाच एवढं चांगलं वागत नाही. तिला पहिल्यापासून सगळीकडे काळंबेरंच दिसतं.

प्रसूतिगृह दुमजली आहे. खाली वॉर्ड, तपासणीची खोली आणि टोकाला माझी लॅब. वर मला राहायला दोन खोल्या, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. फरशी इतकी स्वच्छ की चपला काढून चालावंसं वाटतं. इथला कारभार मोठ्या सिस्टरांच्या हातात आहे. सडपातळ बाई, निवृत्तीला आलेल्या, कमरेला किल्ल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझी जड बॅग स्वतः उचलून वर नेली. डॉक्टर फक्त सकाळी येतात आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बोलतात. बोलणं झालं की बूटही निघून जातात.

मला इथे आवडणार आहे.

७ नोव्हेंबर

काम ओळखीचंच आहे. दिवस गेलेल्या बायकांचं रक्त, साखर, थायरॉइड, रक्तदाब. आणि बाळ तिसऱ्या दिवसाचं झालं की त्याची टाच टोचायची, रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, सुकवायचे, तपासायचे. आपण ज्या आजारांच्या मागावर असतो ते महालबाड. जन्मताना बाळ गुटगुटीत, कुणाला शंका येत नाही, आणि काही महिन्यांत होत्याचं नव्हतं होतं. पण वेळेत सापडले तर कितीतरींवर उपाय असतो. थायरॉइडचंच घ्या. रोज एक एवढीशी गोळी, की पोर चारचौघांसारखं शाळेत जातं, खोड्या करतं, मार खातं. चोर घरात शिरण्याआधी उंबऱ्यावरच पकडायचा, हे माझं काम. म्हणून तर मला ते आवडतं.

इथली एक पद्धत मात्र कुठेच पाहिली नाही. टाच टोचताना बाळ आईच्या मांडीवर देत नाहीत, दुसऱ्या एखाद्या गरोदर बाईच्या मांडीवर देतात. त्यासाठी तपासणीच्या खोलीत एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलंय, बसून बसून गुळगुळीत झालेलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, बाळंतिणीला लेकराचं रक्त बघवत नाही, ती हात आखडते आणि सुई चुकते. शिवाय जिचं व्हायचंय तिला बाळ धरायची सवय होते. पटण्यासारखं आहे. एका दगडात दोन पक्षी.

आणखी एक ऐकून मी थक्क झाले. या गावात गेल्या कित्येक वर्षांत एकाही बाळाचा अहवाल वाईट आलेला नाही. मी विचारलं, यंत्राची पिन तरी लावता ना? मोठ्या सिस्टर खूप हसल्या.

१० नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याचा!

सकाळी एका शिक्षिकेच्या मुलीची टाच टोचायची होती, आणि मांडीवर घेणारी बाई आलीच नाही. मोठ्या सिस्टर माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, तुम्हीच बसा की, तुम्हीही त्यातल्याच. मी हौशीनं बसले. एवढंसं गाठोडं, डोक्याला दुधाचा वास. सिस्टरांनी टाच पुसली, सुई लावली. मी डोळे मिटून रडण्याची वाट बघत राहिले, तर पोरीनं हूं की चूं केलं नाही. झोपेत ओठ तेवढे हलवले.

आणि त्याच क्षणी माझ्या पोटात लाथ बसली. पहिली लाथ! चांगली सणसणीत. मी एवढ्यानं दचकले की बाळ मांडीवरून घसरायचं. मग हसायला लागले, मग रडायला लागले. दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेलाय माझा. दोन्ही वेळा चौथ्या महिन्यातच. भाडेकरू जिवंत आहे, हे आज त्यानं स्वतः दार ठोठावून सांगितलं. मोठ्या सिस्टरांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

ह्यांना निरोप पाठवला. बोटीवर कधी पोचेल देव जाणे.

२१ नोव्हेंबर

मांडीवर बसायचं काम आता माझ्याकडेच आलंय. बाकीच्या बायका काही ना काही सबब सांगतात. कुणाची पाठ दुखते, कुणाची सासू सोडत नाही. माझी काही ना नाही. सुई लागली की भाडेकरू लाथ मारतोच, न चुकता. मी त्याला म्हणते, अरे, टोचलं तिला, तू का नाचतोस?

गावातले लोक फार मायाळू आहेत. दूधवाला माझ्यासाठी वेगळं घट्ट दूध ठेवतो. फळवाली निवडून निवडून फळं देते. कुणीतरी दारात विणलेली शाल ठेवून गेलं. मला सगळे मांडीची बाई म्हणतात. आधी हसू आलं, पण पदवीच आहे म्हणायची. फक्त एक गंमत. सगळे तोंडभरून बोलतात, पण माझ्या पोटाकडे कुणी बघत नाही. फळवाली तर मी पदर सावरला की मानच वळवते. लाजाळू असतील.

संध्याकाळी खिडकीतून मैदानावरची मुलं बघत बसते. काय मुलं आहेत! लालबुंद गाल, पळताना धाप नाही. आज मुद्दाम लक्ष दिलं, तर एकालाही चष्मा नाही, एकही लंगडत नाही, एकही कडेला बसून नुसतं बघणारं नाही. पाणी चांगलं असणार इथलं.

५ डिसेंबर

जित्याची खोड. आधीच्या नोकरीत आम्ही बाळ जन्मलं की नाळेतलं थोडं रक्त काढून तपासायचो. इथे ते टाकून देतात. मला चैन पडेना, म्हणून प्रसूतीच्या खोलीतल्या आयाबाईला सांगून ठेवलं होतं की बाई गं, माझ्यासाठी छोट्या बाटलीत ठेवत जा. आज फ्रीजमधल्या तीन बाटल्या एकदम तपासल्या. दोन ठीक. तिसरीत थायरॉइडचा आकडा आभाळाला टेकलेला.

पण त्याच बाळाच्या टाचेचं रक्त मी परवा तपासलं होतं. अगदी स्वच्छ होतं.

बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. आयाबाईवर खापर फोडणार होते, मग वाटलं, आधी आपलं घर तपासावं. यंत्र धुतलं, पुन्हा तपासलं. तेच.

१७ डिसेंबर

आता बाटलीवर चिठ्ठी मी स्वतः लावते, आणि बाळंतपणाच्या वेळी दारात उभी राहते. अदलाबदलीला जागाच ठेवलेली नाही.

तरी आणखी दोन बाळं तशीच. एकाच्या नाळेत दूध न पचण्याचा आजार, तो भयंकर असतो, आईचंच दूध बाळाला विष होतं. दुसऱ्याच्या रक्तात असा दोष की तांबड्या पेशी फुटत जातात. दोघांच्या टाचांत काही नाही. तिसऱ्या दिवशी रक्त धुतल्यासारखं.

आजार असा दोन दिवसांत जात नसतो. जन्मभराचा सोबती असतो तो. मधे एकच गोष्ट घडते. टाच टोचतात.

डॉक्टरांना सांगितलं. ते बुटांना म्हणाले, टाचेचा अहवाल ग्राह्य धरायचा.

२ जानेवारी

धाकटीचा फोन. तिलाही दिवस गेलेत! दुसरा महिना. लग्नाला सहा वर्षं झाली तिच्या, सासरच्यांनी बोलून बोलून जीव नकोसा केला होता. फोनवर आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. आई गेल्यापासून तीच माझं माहेर. म्हणाली, ताई, तुझ्या बाळंतपणाला मी येणार, मला पाचवा असेल तेव्हा, प्रवास चालतो. ये म्हटलं. ये गं बाई.

फोन ठेवला आणि तपासणीच्या खोलीतून बोलावणं आलं. मांडीवर बाळ, त्याच्या टाचेला सुई, आणि माझ्या पोटात लाथ. आज पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

लाथ सुईनंतर येत नाही. सुईबरोबरच येते. बाळ ज्या क्षणी रडायला हवं, नेमकी त्या क्षणी.

१२ जानेवारी

आज मी एक केलं. मोठ्या सिस्टर औषधं आणायला गेल्या होत्या. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवरच्या बाईला म्हटलं, घ्या तुम्हीच आपलं बाळ, काही होत नाही. तिनं बिचारीनं घेतलं. मी टाच टोचली.

बाळ रडलं. चांगलं तारस्वरात, जसं कुठलंही बाळ रडतं तसं. माझा भाडेकरू शांत होता. मला बरं वाटलं. पण वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या होत्या. असा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, असं त्यांच्या तोंडावर होतं.

दुपारी अहवाल आला. थायरॉइड, नाळेत होता तसाच. मी धावत जाऊन त्या बाईला समजावलं, की घाबरू नका, बरं झालं सापडलं, रोज एक गोळी दिली की संपलं. ती माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघत राहिली.

तासाभरानं मी यंत्रासमोर बसले होते. पाठीमागून मोठ्या सिस्टर आल्या, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मी वळेपर्यंत त्याच्या दुसऱ्या टाचेला सुई लावलीसुद्धा. पोटात असा धक्का बसला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. बाळ झोपलेलंच.

सिस्टर टिपकागद दिव्यापाशी धरून म्हणाल्या, "जन्मभर गोळी कोण घेईल हो? आपलंच लेकरू असतं तर तुम्ही दिली असती?"

हो म्हटलं. दिली असती. त्यासाठीच तर तपासतो आपण.

त्या म्हणाल्या, बघू या.

१५ जानेवारी

आज बॅग भरून बसथांब्यावर गेले. मोठ्या सिस्टर मागून आल्या आणि शेजारी बसल्या. हाक नाही, ओढाताण नाही. मी म्हटलं की मी चाललेय. त्या म्हणाल्या, जा ना, पण जे पोटात गेलंय ते बरोबरच येणार.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, स्वयंपाकाची कृती सांगावी तसं. बाळातली खोट सुईच्या वाटेनं मांडीवालीच्या पोटात उतरते. फक्त पोटातलं बाळ हवं, जन्मलेल्याला ती चिकटत नाही. गावातल्या बायका पूर्वी पाळीपाळीनं बसायच्या, पण मग कुणाच्या ना कुणाच्या पदरी पडायचीच. म्हणून बाहेरची बोलवायची असं ठरलं. मी विचारलं, मग त्या बाहेरच्या बायकांच्या मुलांचं काय होतं? त्या म्हणाल्या, एका आजाराला एक गोळी असते. वीस आजारांना नसते.

त्यांच्या टेबलावर एका मुलीचा फोटो आहे, पदवीचा झगा घातलेला. मी कितीदा कौतुक केलंय त्याचं. त्या म्हणाल्या, तीस वर्षांपूर्वी मीही बाहेरचीच होते, याच स्टुलावर बसायचे. मुलगी झाली तेव्हा निळी पडली होती, अंगात धुगधुगी तेवढी. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर काम करणारी एक नर्स होती, सातवा महिना होता तिला, जिवाभावाची मैत्रीण. तिला म्हटलं, धर गं जरा.

एवढंच म्हणाल्या. बस आली. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, मग मान वळवली. बस गेली.

बाळ हिरावून घेणारे राक्षस गोष्टीत असतात. ही बाई मला घरी येताना हाताला धरून खड्डा चुकवत आणत होती.

१९ जानेवारी

शेजारच्या शहरात जाऊन सोनोग्राफी केली. तिथले डॉक्टर म्हणाले, सगळं छान, हात छान, पाय छान, ठोके छान. मला काय ते ठाऊक आहे. मी रोज दुसऱ्यांना हेच सांगते. हे आजार चित्रात दिसत नाहीत.

त्यांना खरं सांगून बघितलं. त्यांनी माझा रक्तदाब मोजला आणि झोप नीट लागते का विचारलं.

परत आले. परतच आले. कारण सिस्टर म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही. जे या स्टुलावर आत गेलं, ते या स्टुलावरच बाहेर निघतं.

६ फेब्रुवारी

मांडीवर बसणार नाही म्हणून सांगितलं. लॅबला आतून कडी लावली.

दिवसभर दाराबाहेर बायका उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, दार वाजवलं नाही. कडेवर, छातीशी, दुपट्यात बाळं. काचेतून सावल्या दिसायच्या. एकीनं दाराशी दुधाचा पेला ठेवला, गार झाला तशी बदलून गरम ठेवला. अशी माया कुणाच्या वाट्याला येऊ नये.

संध्याकाळी सिस्टर दाराला तोंड लावून म्हणाल्या, आज तुम्ही त्यांना मांडी दिली नाहीत, तर एप्रिलमध्ये तुम्हाला कोण देईल?

मी कडी काढली.

२० फेब्रुवारी

आज दोन बाळं.

भाडेकरू आता एरवी हलत नाही. सबंध दिवस गप्प, जड. फक्त सुई लागली की. मला वाटतं तो वाट बघत असतो, पुढची कधी येते म्हणून. मी हात ठेवून बोलते त्याच्याशी, विनोद सांगते, भाडं माफ केलं म्हणते. काही नाही.

आधी दोन गेले ते तरी कोरे होते.

३ मार्च

जाहिरात पुन्हा दिली आहे म्हणे. अजून एकही अर्ज आला नाही. मोठ्या सिस्टर दोनदा सांगून गेल्या, काळजी करू नका, कुणीतरी मिळेल.

मी मनात म्हटलं, मिळू दे.



११ मार्च

धाकटीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. का, विचारते. इथे साथ आहे, पाणी वाईट आहे, जागा नाही — सुचेल ते सांगितलं. ती रागावली. म्हणाली, आई असती तर तिलाही असंच अडवलं असतंस का? मी म्हटलं, हो, तिलाही. तिनं फोन ठेवला.

बरं झालं. रागात राहू दे. रागात नीट राहील ती.

आज तीन बाळं. तिसऱ्याच्या वेळी लाथ आली नाही — पोट नुसतं आवळलं, मुठीत धरल्यासारखं —

२४ मार्च

आली.

पत्ता तिच्याजवळ होताच. दोन बॅगा आणि एक उशी. पाचवा महिना, गाल वर आलेत, काय गोड दिसते. पायऱ्यांवरच मला मिठी मारली आणि रडली, की किती वाळलीस ताई, फक्त पोटच राहिलंय.

मोठ्या सिस्टर खाली आल्या. धाकटी नको नको म्हणत होती तरी तिची जड बॅग त्यांनी स्वतः उचलून वर नेली.

२५ मार्च

तिला सांगायचं. आज सांगायचं.

सकाळी सांगायला बसले. ती माझे पाय चेपत होती. म्हणाली, माझं अजून हलत नाही गं, पहिली लाथ कधी बसते? तुझी कधी बसली होती?

मी म्हटलं, आठवत नाही.

२९ मार्च

ठरवलंय. माझ्या बाळाची टाच माझ्याच मांडीवर टोचायची. जे असेल ते असेल. आई आहे मी त्याची. धाकटीला उद्याच्या बसनं पाठवते. तिकीट काढलं. उशीखाली ठेवलं.

इथे लिहून ठेवते म्हणजे फिरता येणार नाही.

३० मार्च

कळा —

धाकटी म्हणते, अशी सोडून जाऊ का तुला, वेड लागलंय का — तिकीट फाडलं —

१ एप्रिल

मुलगा.

रडला नाही. रंग कसा तो — ओल्या राखेचा. डोळे उघडे. एकदाही बघितलं नाही माझ्याकडे, छताकडे बघत असतो. अंगावर घेतलं तर चोखत नाही. दूध ओठांच्या कडेनं वाहून जातं. पण जिवंत आहे. बोट धरलंय माझं. एवढ्या जोरानं धरलंय —

नाळेचं रक्त मी स्वतः तपासलं. भिंतीला धरून लॅबपर्यंत गेले. एक वर, दुसरं वर, तिसरं — यंत्र थांबेना. इतकी बाळं मांडीवर घेतली, एकेकाचं ओळखता आलं मला. हे दूध न पचणाऱ्याचं. हे शेवटच्या खाटेवरचं. सगळी इथे आहेत. माझ्या एवढ्याशा —

डॉक्टर बुटांना म्हणाले, तिसऱ्या दिवसापर्यंत बघू.

२ एप्रिल

त्याची पकड सैल होतेय.

धाकटी त्याला गाणी म्हणते. त्याचं नाक आईसारखं आहे म्हणते. खरंच आहे.

नाही. माझ्याच मांडीवर. लिहिलंय मी वर. माझ्याच.

३ एप्रिल

मी स्टुलावर बसले होते. खरंच बसले होते. बाळ मांडीवर, सुई हातात. टाच पुसली. टाच गार होती.

सुई टाचेजवळ नेली, परत मागे घेतली. धाकटी शेजारी उभी. म्हणाली, ताई, अगं तुझ्यानं बघवत नाहीये, ऊठ, दे माझ्याकडे, मी धरते.

मी म्हटलं नको. एकदा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं का — आठवत नाही.

ती बसली. मांडी पसरली. मी तिला शाल दिली, बाळाखाली घालायला. शाल का दिली मी —

सुई माझ्याच हातात होती. दुसऱ्या कुणाच्या नाही.

बाळ रडलं नाही. झोपेत ओठ हलवले. आणि रंग — पायापासून वर, गुलाबी — मग भूक लागल्यासारखं तोंड वळवलं, माझ्या बाजूला वळवलं, पहिल्यांदा —

आणि धाकटी ओरडली. आनंदानं. "ताई! हललं! अगं लाथ मारली, बघ, हात ठेव —" माझा हात ओढून पोटावर ठेवला. हसते काय, रडते काय. मी हसले. मी तिच्याबरोबर हसले —

आता शेजारच्या खाटेवर झोपलीय. एक हात पोटावर. माझा मुलगा दूध पितोय, चपाचपा आवाज करत, मला लिहू देत नाही.

मोठ्या सिस्टर दारात येऊन गेल्या. स्टूल उचललं नाही त्यांनी. म्हणाल्या, उद्या आणखी दोन बाळं आहेत, तुमची बहीण मोठी हौशी, तिलाच बसवू का? तुम्ही म्हणाल तसं.

मी नको म्हणणार आहे. उठून सांगणार आहे. हा एवढा पिऊन झोपला की उठते, धाकटीला जागं करते आणि —